सुषमावहिनीचे निरोप

माझी सुषमावहिनी बसत नाही. बस म्हटलं तर "बसते की" म्हणते आणि उभीच राहते. जेवायला बसली तरी एक गुडघा वर, कुणी हाक मारली की निघालीच. लग्नात बायका ओळीनं खुर्च्यांवर बसून फोटो काढतात, त्या प्रत्येक फोटोत वहिनी कडेला अर्धी दिसते, कारण फोटोवाल्यानं बटण दाबेपर्यंत तिला काहीतरी काम आठवलेलं असतं. मला अशा माणसांचा राग येतो. त्यांच्याकडं बघून आपल्यालाच दम लागतो, आणि आपण बसलेलो असलो तर उगीच आळशी ठरतो.

मी तिची नणंद, सोनम. माहेर निमोण्याचं, सासर कारेगावचं, आणि नोकरी कारेगावच्याच शिवेवर, पुठ्ठ्याचे खोके छापणाऱ्या एका कंपनीत. औषधाचे, टूथपेस्टचे, बिस्किटांचे खोके तुम्ही फोडता आणि फेकून देता, ते आम्ही बनवतो. मी पेस्टिंगला आहे, म्हणजे सगळ्यात शेवटच्या टोकाला. खोका चिकटून बाहेर आला की तपासायचा. बसून करायचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. वहिनीला तिथं चिकटवली ती मीच. ती रोज निमोण्याहून स्कूटीवर येते आणि गाडीवरून उतरली की चालायला लागते.

तिच्या कामाला धड नाव नव्हतं. ओळखपत्रावर काहीतरी प्लॅनिंग असं होतं, पण प्रत्यक्षात ती निरोप पोचवायची. ऑर्डर आली की ऑफिसात तिचं जॉब कार्ड निघायचं. कुठला पुठ्ठा, किती रंग, किती शीट, कधी हवं, सगळं त्यावर. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहिनी आधी प्लेटरूममध्ये जायची, जिथं छपाईच्या प्लेटा बनतात, तिथून छपाईला, छपाईकडून पंचिंगला, जिथं शीटवरचे खोके त्यांच्या आकारात कापले जातात, आणि शेवटी आमच्याकडं. आमच्याकडं प्रत्येक मशीन वेगळ्या देशातलं, प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, आणि एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नव्हतं. छपाईच्या मशीनला जे ठाऊक ते पंचिंगच्या मशीनला नव्यानं बोटांनी शिकवावं लागायचं. माणसांचं तर त्याहून वाईट. छपाईवाले आणि पंचिंगवाले एकमेकांना पाण्यात पाहायचे. मधे वहिनी.

आता ती निरोप कसे द्यायची ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

छपाईवाला म्हणायचा, "सांग त्या रिकामटेकड्यांना, दुपारपर्यंत न्हाई मिळायचं." वहिनी पंचिंगला येऊन म्हणायची, "दादा, जेवणाआधी माल येतोय बरं का, तयारीत राहा. त्यांनी खास तुमच्यासाठी घाई केलीय." छपाईवाल्यानं वेळ वाढवून सांगितली आहे हे तिला ठाऊक असायचं, म्हणून ती कापायची. ती कापते हे छपाईवाल्याला ठाऊक, म्हणून तो आणखी वाढवायचा. लग्नपत्रिकेवर साडेअकराचा मुहूर्त छापतात, पाहुणे एकला निघतात, आणि ते एकला निघणार म्हणूनच साडेअकरा छापलेलं असतं, तशातली ही गत. आणि वर वहिनीची साखर. एकानं दिलेली शिवी दुसऱ्याकडं पोचेपर्यंत तिचा नमस्कार झालेला असायचा. मी एकदा तिला म्हटलं, "वैनी, एक दिस पकडली जाशील." तर म्हणाली, "काम चाललंय न्हवं? मग?"

काम चालत होतं हे खरंच. घरातही तिनं असंच चालवलेलं होतं.

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एक माझे वडील, आबा. दुसरा माझा भाऊ संपत, वहिनीचा नवरा. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. आबांचं अर्धं आयुष्य वाटेवर गेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरं पुढं, आणि परत यायचे ते पावसाच्या तोंडाला. नंतर कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, आम्ही एका जागी झालो. तरी आबांनी घरामागच्या वाडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, थोडी मेंढरं ठेवलीच होती. गुडघे गेले तरी रोज ती घेऊन माळावर जायचे. एकदा रस्त्यात पडले आणि तिथंच पडून राहिले. संध्याकाळी त्यांचं कुत्रं, काळ्या, एकटंच घरी आलं तेव्हा कळलं. त्यानंतर आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दौंडला मालनआत्याकडं गेले असताना संपतदादानं सगळी मेंढरं विकून टाकली. आबांना न विचारता.

आबा परत आले, वाडग्याच्या झाप्याला, म्हणजे दाराला, हात लावून बराच वेळ उभे राहिले, आणि मग वहिनीला म्हणाले, "त्याला म्हनावं, आजपासनं माझ्याशी बोलायचं न्हाई."

हा एक निरोप वहिनीनं जसाच्या तसा पोचवला. नवी होती, घाबरली होती, काय करावं सुचलं नाही. पुढं घरात दोघांची तोंडं दोन दिशांना झाली तेव्हा तिनं मनाशी काय घेतलं कोण जाणे, पण त्यानंतर मी तरी तिच्या तोंडून एकही खरा निरोप ऐकला नाही. आबा म्हणायचे, "त्या इकनाऱ्याला सांग, मोटार बंद कर." ती म्हणायची, "अहो, आबा म्हंत्यात, मोटार बंद करता का, तुमी दमला असाल." दादा म्हणायचा, "म्हाताऱ्याला म्हनावं, गप पड." ती म्हणायची, "आबा, तुमी आराम करा म्हंत्यात." एका घरात दोन चुली होऊ नयेत म्हणून ती बाई दिवसभर ओटा, गोठा, शेत करत पळायची. मी माहेरी गेले की मला ते बघवायचं नाही. मी म्हणायची, दोघांच्या कानाखाली एकेक ओढ. ती हसायची आणि चहा टाकायला पळायची.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत सिस्टिम आली. तिच्याबरोबर आला धम्मदीप. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला पोरगा, इंजिनिअर, शांत. त्यानं आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून सांगितलं. जगातल्या छपाईच्या मशीन बनवणाऱ्यांनी मिळून एक भाषा ठरवली आहे, तिला जेडीएफ म्हणतात. आता जॉब कार्ड कागदाचं राहणार नाही. ऑफिसात एकदा भरलं की तेच कार्ड प्लेटरूमला, छपाईला, पंचिंगला, सगळीकडं आपोआप दिसणार. प्रत्येक मशीन स्वतःच त्यात लिहिणार, मी सुरू झालो, मी थांबलो, एवढ्या शीट चांगल्या, एवढ्या वाया. पुढच्या मशीनला ते लगेच कळणार आणि ते उलट सांगणार की मिळालं.

"म्हंजी मधी कोन न्हाई?" वहिनीनं विचारलं. ती अर्थात मागं भिंतीला टेकून उभी होती.

"कुणी नको ताई. तुमचे पाय सुटले," धम्मदीप हसत म्हणाला. त्याला वाटलं चांगली बातमी दिली. वहिनीचा चेहरा मात्र पडला.

मग तो प्रत्येक खात्यात फिरला. सेटिंगला किती वेळ, प्लेट बदलायला किती, पंचिंगचा साचा बसवायला किती, सगळं विचारून भरत गेला. आणि आमच्या लोकांनी काय केलं? आयुष्यभर जे केलं तेच. वाढवून सांगितलं. उलट थोडं जास्तच, कारण वहिनी कापते तशी ही सिस्टिमही कापणारच असं प्रत्येकानं धरलं. धम्मदीपला शंका आली असावी. त्यानं वहिनीला विचारलं, कारण तिला सगळं ठाऊक. वहिनीनं त्याच आकड्यांना मान डोलावली. खरं सांगितलं तर कुणाला तरी बोलणी बसतील, या भीतीनं तिनं त्यांत स्वतःचंही थोडं घातलं. सिस्टिमनं त्यातलं काहीही कापलं नाही. तिनं सगळं खरं मानलं.

पहिला दिवस उजाडला. भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला. औषधाच्या खोक्यांचा जॉब छपाईत संध्याकाळपर्यंत चालणार असं टीव्ही म्हणत होता, आणि छपाईच्या मशीननं सकाळीच कळवून टाकलं की झालं. शीटचे ढीग पंचिंगपाशी येऊन पडले. पंचिंगवाल्यांना माल संध्याकाळी येणार असं कळलेलं, त्यामुळं त्यांनी साचा काढून साफ करायला घेतलेला. छपाईला पुढच्या जॉबच्या प्लेटा हव्यात, तर प्लेटरूमला त्या संध्याकाळी द्यायच्या म्हणून सांगितलेलं. आमच्याकडं तर यायचं काहीच नव्हतं. मी आयुष्यात एवढी निवांत कधी बसले नव्हते, तरी मला बसवेना. माणसं हात चोळत उभी, टीव्हीवर लालच लाल, आणि वहिनी पिशवीशिवाय इकडून तिकडं नुसती चकरा मारतेय. कुणाला काय सांगावं हे तिला कळत नव्हतं, आणि तिला कुणी विचारतही नव्हतं. सगळे टीव्हीकडं बघत होते.

नेमके त्याच दुपारी पुण्याचे मोठे साहेब गिऱ्हाइकाला घेऊन सिस्टिम दाखवायला आले. पुढचं काय सांगू! साहेबांनी कंपनी डोक्यावर घेतली. "हे आकडे दिले कुणी?" सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि खालून हळूच वहिनीकडं पाहिलं. मला असा संताप आला की एकेकाचं नाव घेऊन सांगावंसं वाटलं. पण वहिनीच म्हणाली, "म्या सांगितले, साहेब." आणि त्याच क्षणी धम्मदीप म्हणाला, "भरले मी. मशीनला विचारायचं सोडून मी माणसांना विचारत बसलो." साहेबांना दोघांवर एकदम ओरडता येईना, म्हणून ते टीव्हीवर ओरडले आणि गिऱ्हाइकाला घेऊन निघून गेले.

नंतर कँटीनमध्ये आम्ही तिघं चहा घेत होतो. धम्मदीपनं विचारलं, "ताई, खोटं का सांगितलं?"

"खोटं न्हाई सर. जरा धरून सांगितलं. समद्यास्नी सोईचं व्हावं म्हनून."

"सगळ्यांनी धरून सांगितलं, सगळ्यांनी धरून ऐकलं. मग खरं कुठं राहिलं?" तो चिडलेला नव्हता. "माझे वडील स्टेशनवर होते. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनला विचारायचं, लाइन मोकळी आहे का. तिथला माणूस होय म्हणतो आणि एक नंबर सांगतो. तो नंबर इकडं लिहून घेतला की मगच गाडी. वडील म्हणायचे, आपण निरोप दिला म्हणजे तो पोचला असं नाही. तिकडून उत्तर आलं, तर पोचला."

वहिनीनं कप खाली ठेवला. "आन् तिकडनं उत्तरच आलं न्हाई तर?"

"तर गाडी उभी. निरोप गेलाच नाही असं धरायचं."

वहिनी चहा तसाच टाकून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. धम्मदीपला वाटलं, तिला बोलणं लागलं. मलाही तसंच वाटलं.

आठवडाभरात मशीनचे खरे वेळ सिस्टिमला मिळाले आणि टीव्ही हिरवा झाला. वहिनीची पिशवी खिळ्याला अडकली. तिला टीव्हीसमोर खुर्ची दिली, लाल काही दिसलं तर कळवायचं. खुर्चीवर ती अशी बसायची की जणू ती दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि तो आत्ता परत येणार आहे. दर थोड्या वेळानं उठून पंचिंगपर्यंत जाऊन यायची. पंचिंगवाला म्हणायचा, "कळलंय वैनी, आलंय हिकडं." मग रिकाम्या हातानं परत.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी तिच्या स्कूटीवर माहेरी निघाले. पहिली पाळी संपवून, टळटळीत उन्हात. निमोण्याच्या अलीकडं तिनं गाडी एकदम कडेला घेतली आणि उतरून रस्त्यावरच येरझारा घालायला लागली.

"वैनी, काय झालं?"

"सोनम, उद्या जेसीबी येनार हाय."

"कशाला?"

"वाडगं पाडायला. ह्यांस्नी तिथं गाईंचा गोठा करायचाय."

"आन् आबा?"

"आबा म्हनले, वाडग्याला हात लागला की मी निघालो दौंडाला मालनकडं, परत यायचा न्हाई. पिशवी भरून ठिवलीय त्यांनी."

"दादा काय म्हनला मग?"

वहिनी थांबली. "म्या ह्यांस्नी सांगितलं, आबांस्नी जरा वाईट वाटतंय म्हनून. हे म्हनले, वाटंल दोन दिस."

म्हातारा घर सोडून चाललाय, आणि मुलाला ठाऊकच नाही. मी चिडून म्हटलं, "वैनी, तू मानूस हायस का काय?" पण ती पुढं बोलायला लागली तेव्हा माझा राग कुठल्या कुठं गेला.

मेंढरं विकल्यावर काळ्या कुत्रं रोज रिकाम्या वाडग्याच्या तोंडाशी बसायचं. खायचं नाही. एक दिवस तिथंच गेलं. दादानं स्वतः वाडग्याशेजारच्या कडुलिंबाखाली खड्डा खणून त्याला पुरलं, आणि हात धुता धुता वहिनीला म्हणाला, "आबास्नी सांग, चुकलं माझं. इचारायला पायजे हुतं."

"मग तू सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की! पर त्याच्या आधी म्या सतरांदा सांगितलं हुतं. 'आबा, त्यांस्नी पश्चाताप झालाय. आबा, ते चुकलं म्हंत्यात.' समदं माझ्या मनाचं. ते कदीच म्हनले न्हवते. आन् ज्या दिशी खरंच म्हनले, त्या दिशी आबा म्हनले, 'व्हय व्हय, ठाव हाय, जा.' त्यांस्नी वाटलं, हे बी माझंच." ती पुन्हा चालायला लागली. "सोनम, ह्यांचा निरोप गेलाच न्हाई ग. हे वाट बघून बघून दगड झाले. म्हनले, चुकलं म्हनून बी बाप बोलत न्हाई, तर जाऊ दे मग."

भर रस्त्यात, ट्रकांच्या धुरळ्यात, वहिनी रडत होती आणि रडतानाही चालत होती. मी तिला धरून स्कूटीवर बसवली आणि गाडी मी चालवली.

सकाळी जेसीबी आला. चालवणारा उत्तरेकडचा पोरगा होता. त्यानं गाडी वाडग्यासमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि विचारलं, "भैया, कहाँ से गिराना है?" दादा हातानं दाखवायला पुढं झाला. आबा ओट्यावर, डोक्याला फेटा, शेजारी पिशवी, पिशवीतून घोंगडीचं टोक बाहेर आलेलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि नेहमीसारखं वहिनीला म्हणाले, "त्याला म्हनावं, निघालो मी. बाप मेला म्हनून समज, आन् ह्याच गोठ्यात माझ्या तेराव्याचं जेवान घाल."

वहिनी अंगणाच्या मधोमध उभी होती. तिनं पदर खोचला, दादाकडं तोंड केलं आणि इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाली, "अहो, आबा म्हंत्यात, निघालो मी. बाप मेला म्हनून समज. आन् ह्याच गोठ्यात माझ्या तेराव्याचं जेवान घाल."

दादा गर्रकन वळला. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. "कुठं निघालेत?"

"दौंडाला. कायमचं. मला परवाच म्हनले हुते. म्या तुमास्नी न्हाई सांगितलं."

"आन् तू मला सांगतीस वाईट वाटतंय म्हनून?" दादा ओरडला. "म्हाताऱ्याला इचार, मेंढरं काय माझ्या चैनीला इकली? रस्त्यात मरून पडला असता तर उचलायला कुत्रं हुतं फकस्त!"

वहिनी वळली. "आबा, हे म्हंत्यात, मेंढरं काय माझ्या चैनीला इकली. रस्त्यात मरून पडला असता तर उचलायला कुत्रं हुतं फकस्त."

आबा काठी टेकून उठले. "ही तुझी बोली न्हाई, सुषमे."

"न्हाई आबा. ही त्यांची हाय. आजपतूर तुमी ऐकली ती माझी हुती." आता तिचे डोळे वाहायला लागले होते, पण ती जागची हलली नाही. मी तिला अशी एका जागी उभी कधी पाहिली नव्हती. "ते चुकलं म्हंत्यात असं म्या तुमास्नी लई बार सांगितलं. समदं माझ्या पदरचं. पर एकदा ते खरंच म्हनले हुते, आबा. आन् ते बी म्या तसंच सांगितलं, म्हनून तुमी ऐकलं न्हाई."

"भैया, बंद करूँ क्या? डीज़ल जल रहा है," जेसीबीवाला वरून ओरडला. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यानं बंद केलं. अंगण एकदम शांत झालं.

आबांनी वहिनीला विचारलं, "कंचं?"

"आँ?"

"त्यातलं खरं कंचं हुतं? कवाचं?"

वहिनीनं तोंड उघडलं, पण त्याआधी वाडग्याकडून आवाज आला.

"काळ्या गेला त्या दिशी," दादा म्हणाला. तो आबांकडं बघत होता. थेट. "खड्डा खनला त्या दिशी, आबा."

आबा लिंबाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे पिशवी उचलणार आणि चालायला लागणार.

"चुकलं म्हनला हुतास?" आबांनी विचारलं. वहिनीला नाही. दादाला.

"व्हय. इचारायला पायजे हुतं."

"व्हय. इचारायला पायजे हुतं," आबा म्हणाले, आणि काठीसकट खाली बसले. बराच वेळ ते घोंगडीचं टोक पिशवीत कोंबत होते, ते जात नव्हतं. शेवटी त्यांनी ती घोंगडी बाहेरच ओढली आणि मांडीवर घेतली. मग खाकरून, शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "गोठा बांधायचा तर बांध. पर लिंबाखालचं सोडून."

वहिनी सवयीनं पुढं झाली, तोंड दादाकडं वळलं, "अहो, आबा म्हंत्यात," इथपर्यंत ती आलीसुद्धा.

"लिंबाखालचं सोडून," दादा म्हणाला. "व्हय आबा."

वहिनी मधेच थांबली. दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. दादा जेसीबीवाल्याला हातानं लिंबापासून लांबची जागा दाखवत होता, आणि आबा ओट्यावरून त्याला ओरडून सांगत होते की अजून सरक, अजून, मुळ्या तिथपर्यंत गेल्यात.

वहिनी माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. दोन्ही पाय लांब पसरून. मी चहा टाकायला उठले, तरी ती उठली नाही.